शिक्षकी सेवेनंतरचे दुसरे काम कसे निवडावे: खानदेशातील निवृत्त गुरुजनांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांतील शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्या वयात बहुतेकांची प्रकृती ठणठणीत असते, मुलांची शिक्षणे आटोपत आलेली असतात आणि पुढची पंधरा-वीस वर्षे काम करता येईल इतकी उमेदही असते. निरोप समारंभातील भाषणांत मात्र ‘आता विश्रांती घ्या’ एवढेच सांगितले जाते. पुढे काय करायचे, ते कशाच्या आधारावर ठरवायचे आणि कोणत्या क्रमाने पावले टाकायची, हे कोणी सांगत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जे शिक्षक नुकतेच निवृत्त झाले आहेत किंवा येत्या वर्ष-दोन वर्षांत होणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आधारलेले आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी शिकवले त्या या प्रदेशात शिक्षकाच्या शब्दाला आजही वजन आहे. बांधाचा वाद असो, मुलीसाठी आलेले स्थळ असो किंवा बँकेतून आलेले न समजणारे पत्र असो, गावातला माणूस आधी गुरुजींना किंवा बाईंना विचारतो. तीस-पस्तीस वर्षांत जमलेला हा विश्वास हेच निवृत्त शिक्षकाचे सर्वांत मोठे भांडवल आहे. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम त्याच्यापुढे लहान आहे. म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: या कामाने तो विश्वास वाढेल की खर्ची पडेल? पैसा, वेळ आणि आवड यांचा विचार त्यानंतर करावा.

पहिली पायरी: निवृत्तिवेतन हातात पडेपर्यंत कोणालाही शब्द देऊ नये

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षात दुसऱ्या कामाचे मनसुबे रचण्यापेक्षा सेवापुस्तक पूर्ण करून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. वेतननिश्चितीची पडताळणी झाली आहे का, वरिष्ठ आणि निवड या वेतनश्रेणींच्या नोंदी आहेत का, रजेचा हिशेब जुळतो का, जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नेमकी नोंदवली आहे का, हे स्वतः डोळ्यांखालून घालावे. एखादी जुनी वेतननिश्चिती चुकीची ठरली तर वसुली निघते आणि निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव मागे येतो. अशा वेळी महिनोन्‌महिने घरात पैसा येत नाही, आणि नेमक्या त्याच काळात घाईने स्वीकारलेले काम पुढे गळ्यात पडते.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर रुजू झालेल्यांपैकी बहुसंख्य शिक्षक राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत आहेत. तिच्यात जमा रकमेपैकी किमान ४० टक्के रकमेतून वार्षिकी (दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना) घ्यावी लागते आणि तिच्यावर मिळणारे मासिक उत्पन्न जुन्या निवृत्तिवेतनाच्या तुलनेत बरेच कमी असू शकते. या दोन गटांनी दुसऱ्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. पहिल्या गटाला आवडीचे, कमी मानधनाचे काम परवडते. दुसऱ्या गटातील शिक्षकाने मात्र दरमहा किती रक्कम कमी पडते हे आधी कागदावर मांडून तेवढी भर घालणारे काम शोधावे, आणि त्यात संकोच बाळगू नये.

अंशराशीकरणाविषयी दोन शब्द. निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग आगाऊ एकरकमी घेता येतो आणि कापलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. घराचे कर्ज फेडायचे असेल किंवा घरात लग्नकार्य असेल तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. नवा धंदा उभारण्यासाठी मात्र अंशराशीकरण करू नये, असे माझे ठाम मत आहे. ७३ व्या वर्षापर्यंत दरमहाचे उत्पन्न कमी करून घ्यायचे आणि ती रक्कम आपण कधीही न केलेल्या व्यवहारात घालायची, हा जुगार शिक्षकाच्या कुटुंबाला पेलवत नाही.

दुसरी पायरी: हात न लावण्याची रक्कम वेगळी काढावी

उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि गट विम्याची रक्कम खात्यावर आली की आठवडाभरात माणसे घरी येऊ लागतात. कोणाला प्लॉट विकायचा असतो, कोणाला दुकानात भागीदार हवा असतो. त्याआधीच रकमेची विभागणी झालेली असावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे ६० वर्षांनंतर खाते उघडता येते. परंतु ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्या व्यक्तीलाही निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोस्टात किंवा बँकेत ते उघडता येते. ही मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही. योजनेची कमाल मर्यादा ३० लाख रुपये असून २०२५ मध्ये व्याजदर ८.२ टक्के होता. या दराने दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये मिळतात. घरखर्चाला पुरेल अशी ही व्यवस्था झाल्यावर जे उरेल, त्याचाही लहानसा हिस्साच नव्या कामासाठी बाजूला ठेवावा. ती रक्कम पूर्ण बुडाली तरी घरातले कोणतेही कार्य अडणार नाही, एवढीच ती असावी.

आरोग्याच्या खर्चाचा विचारही याच पायरीवर करावा. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचारसंरक्षण मिळते. ५८ ते ७० या बारा वर्षांसाठी मात्र राज्याची जन आरोग्य योजना कोणकोणत्या आजारांना आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयांत लागू होते ते पाहून, उरलेल्यासाठी आरोग्य विमा घ्यावा. नोकरीत असतानाच तो घेतलेला असला तर उत्तम.

तिसरी पायरी: शिकवण्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते ठरवावे

बहुतेक निवृत्त शिक्षक ‘मी गणित शिकवत होतो, म्हणून गणिताचा क्लास काढतो’ असा सरळ हिशेब करतात. शाळेत आपण केवळ एक विषय शिकवत नव्हतो. पालकांशी बोलणे, सहलीचे नियोजन, शालेय पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या शासकीय प्रणालीत शाळेची माहिती भरणे, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, भांडणाऱ्या दोन मुलांना समोरासमोर बसवणे, असे कितीतरी प्रकारचे काम आपल्या हातून झालेले असते. त्यातले कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळत नसे आणि कोणत्या कामाचा मनापासून कंटाळा यायचा, याच्या दोन याद्या एका वहीत लिहाव्यात. एखाद्या बाईंना वर्गात उभे राहण्याचा थकवा आलेला असतो, पण पालकांशी बोलण्यात त्यांचा हातखंडा असतो. त्यांनी पुन्हा फळ्यासमोर उभे राहण्याऐवजी समुपदेशनाचे किंवा बालकल्याणाचे काम पाहावे. एखाद्या मुख्याध्यापकाला शिकवण्यापेक्षा हिशेब आणि पत्रव्यवहार यांत गोडी असते. शेतकरी उत्पादक कंपनीला असा माणूस हवाच असतो.

निवृत्त शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. नोकरी संपली म्हणजे नातवंडे सांभाळणे आणि आजाऱ्यांची सेवा ही कामे आपोआप त्यांच्याकडे येतात, आणि त्यांना काय हवे आहे हे विचारलेच जात नाही. दुसरे काम करायचे असेल तर निवृत्तीपूर्वीच घरात बसून, दिवसाचे कोणते तास आपले आहेत हे ठरवून घ्यावे. निर्णय एकदा रुळला की नंतर तो बदलणे फार अवघड जाते.

चौथी पायरी: आपल्या भागात कशाची गरज आहे ते पाहावे

खानदेश एकसारखा नाही. जळगाव, भुसावळ आणि धुळे या शहरांत स्पर्धा परीक्षा आणि प्रवेश परीक्षांच्या मोठ्या शिकवण्या आहेत. तेथे एकट्या माणसाने त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात हिशेब, मालाच्या प्रतीच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रे समजणाऱ्या माणसांची गरज असते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या सातपुड्याच्या भागात जातीचे दाखले, वैधता प्रमाणपत्र, वनहक्काचे दावे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी विश्वासाचा जाणकार माणूस मिळणे हीच मोठी सोय ठरते. काही महत्त्वाचे पर्याय पुढे देत आहे. ज्यांविषयी सांगण्यासारखे जास्त आहे त्यांवर अधिक लिहिले आहे.

शाळेतच परतणे. राज्य शासनाने ७ जुलै २०२३ रोजी जिल्हा परिषद शाळांतील रिक्त पदांवर सेवानिवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर घेण्याचा निर्णय काढला होता. त्यात मानधन दरमहा २० हजार रुपये आणि कमाल वय ७० वर्षे होते. नवी भरती झाली की अशा नियुक्त्या संपतात आणि शासन निर्णयही बदलत राहतात. म्हणून सध्या कोणता निर्णय लागू आहे हे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारावे आणि नियुक्तिपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नये. खासगी विनाअनुदानित शाळा निवृत्त मुख्याध्यापकांना आनंदाने बोलावतात. तेथे जाण्यापूर्वी संस्थाचालकांना आपला अनुभव हवा आहे की प्रवेश वाढवण्यासाठी आपले नाव हवे आहे, हे त्या शाळेत काम करणाऱ्या दोन-तीन शिक्षकांशी बोलून जाणून घ्यावे. त्यांचे पगार वेळेवर होत नसतील तर आपलेही होणार नाहीत.

लहान शिकवणी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने कार्यरत शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. निवृत्तांना ती अडचण नाही. घरच्या ओसरीवर दहा-बारा मुलांचा वर्ग घेण्यास फारसे भांडवलही लागत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे ५० पेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांना उद्देशून आहेत आणि १६ वर्षांखालील मुलांना अशा केंद्रांत प्रवेश देऊ नये असे त्यांत म्हटले आहे. लहान मुलांना शिकवायचे असेल तर वर्ग छोटाच ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

विषय निवडताना मोठ्या शिकवण्यांचे जिथे लक्ष जात नाही तिथे जावे. आठवीतील मुलांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात; पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरात या रकमेमुळे मुलीचे शिक्षण दहावीच्या पुढे जाऊ शकते. परीक्षेतील बौद्धिक क्षमता चाचणीचा सराव बहुतेक शाळांत पुरेसा होत नाही, आणि अनुभवी शिक्षक तो चांगला घेऊ शकतो. दुसरी मागणी नुकतीच वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. अनेक वर्षांत परीक्षेला न बसलेल्या पन्नाशीच्या शिक्षकांना शिकवायला त्यांच्याच पेशातला, त्यांना कमी न लेखणारा माणूस हवा असतो. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र हे विषय ज्यांचे पक्के आहेत त्यांनी याचा जरूर विचार करावा.

शुल्काची पद्धत गावाच्या अर्थव्यवस्थेला धरून असावी. कापूस उत्पादक पालकाच्या हातात जूनमध्ये पैसा नसतो. बियाणे आणि खते यांत तो गेलेला असतो. वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि दिवाळीनंतर विक्रीचा पैसा येतो. अर्धे शुल्क त्या वेळी घेतले तर मुले गळत नाहीत. वेचणीच्या दिवसांत मुली शाळेतूनही गैरहजर राहतात, हे लक्षात घेऊन त्या काळात वर्ग संध्याकाळी घ्यावा. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. तेथे वार्षिक वर्गाऐवजी जून ते ऑक्टोबर असा पाच महिन्यांचा अभ्यासक्रम आखणे शहाणपणाचे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत वर्ग सुटला पाहिजे.

दिव्यांग मुलांना शिकवण्याची इच्छा असेल तर केवळ तळमळ पुरेशी नाही. विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक (मार्गदर्शक अध्यापक) म्हणून काम करणे हा मात्र सहज जमणारा मार्ग आहे. वर्ग बहुधा सुटीच्या दिवशी असतात आणि समोर नोकरी सांभाळून शिकणारी प्रौढ माणसे असतात, त्यामुळे शिकवण्याचा आनंद वेगळाच असतो. मानधन थोडे असते.

न्यायाच्या आणि बालहक्कांच्या क्षेत्रातील काम. हा पर्याय शिक्षकांना फारसा ठाऊक नाही, आणि माझ्या मते खानदेशातील निवृत्त शिक्षकांसाठी तो सर्वांत योग्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवकांची निवड करते आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय योजनेत निवृत्त शिक्षकांचा स्पष्ट उल्लेख आहे. निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळते. काम केलेल्या दिवसांचे मानधन मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, अर्ज लिहून देणे, लोकअदालतीत तडजोड होऊ शकणारे वाद ओळखणे, वनहक्काच्या दाव्यासोबत कोणते पुरावे जोडायचे ते समजावणे, ही कामे सोप्या भाषेत सांगण्याचे कसब असलेल्या माणसाचीच आहेत. अहिराणी, पावरी किंवा भिली बोलता येत असेल तर त्या शिक्षकाची उपयुक्तता कितीतरी वाढते, कारण कचेरीतील मराठी आणि घरातील बोली यांच्यामध्ये उभे राहणारे माणूसच तेथे कमी असते.

प्रत्येक जिल्ह्यातील बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलांशी संबंधित शिक्षण, आरोग्य किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, मुदत तीन वर्षांची असते आणि वयाची कमाल मर्यादा ६५ असल्यामुळे निवृत्तीनंतर लवकरच अर्ज करावा लागतो. महिन्यातून किमान २० दिवस बैठक घेण्याची अट आहे, म्हणजे हे अधूनमधून करायचे काम नाही. घर सोडून आलेली मुले, रेल्वेस्थानकावर सापडलेली मुले, अत्याचार सोसलेल्या मुली यांच्याविषयीचे निर्णय येथे होतात. भुसावळसारखे मोठे जंक्शन ज्या जिल्ह्यात आहे तेथे या कामाचा भार किती असेल याची कल्पना करता येते. मन घट्ट असेल तरच हे पद घ्यावे. पण ज्यांना झेपेल त्यांनी मागे राहू नये. सदस्यांसाठीच्या जाहिराती महिला व बालविकास विभाग काढतो.

शेती आणि शेतमाल. अनेक शिक्षकांची वडिलोपार्जित जमीन असते आणि ‘आता पूर्णवेळ शेती करीन’ असा त्यांचा बेत असतो. नोकरीत असताना शेत वाट्याने दिलेले होते. ते स्वतः कसणे ही पूर्णतः नवी विद्या आहे, असे मानूनच आरंभ करावा. केळीत लागवडीपासून कापणीपर्यंत सुमारे वर्ष जाते, ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे, ठिबक आणि विद्राव्य खते यांचा खर्च मोठा असतो आणि मे-जूनमधील एका वादळात उभी बाग झोपू शकते. पहिल्या वर्षी जमिनीचा एक तुकडाच स्वतःकडे घ्यावा आणि उरलेला आहे त्या माणसाकडे राहू द्यावा. पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारजवळील कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथील प्रशिक्षणांना विद्यार्थी होऊन बसावे.

प्रत्यक्ष कसण्यापेक्षा प्रक्रिया आणि व्यवस्थापन यांत शिक्षकाचे कौशल्य अधिक उपयोगी पडते. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान मिळते आणि ‘एक जिल्हा एक उत्पादन’ यात जळगावसाठी केळी निवडलेली आहे. केळीचे वेफर्स, ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड ही आपल्याकडची घरोघरची वाळवणे आहेत. ती करणाऱ्या बचतगटांना मालाची चव शिकवावी लागत नाही. त्यांना अडचण येते ती प्रकल्प अहवाल, अन्नसुरक्षा नोंदणी, वेष्टनावरील मजकूर आणि हिशेब यांची. तेथे निवृत्त शिक्षकाने सल्लागार व्हावे. स्वतःच्या नावावर कर्ज काढून कारखाना उभारण्याची आवश्यकता नाही.

भाषा, इतिहास आणि मोडी. इतिहास व मराठीच्या शिक्षकांनी मोडी लिपी शिकावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जमिनीच्या, वतनांच्या आणि शाळांच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत, त्या वाचणारी माणसे थोडी आहेत, आणि कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये राज्यभर सुरू झाल्यापासून मोडी वाचकांची मागणी किती आहे हे सर्वांनाच दिसले. धुळ्याला तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथे जुन्या कागदपत्रांचे व हस्तलिखितांचे संग्रह आहेत. लिप्यंतर करून देणाऱ्याने एक पथ्य पाळावे: कागदात जे लिहिले आहे तेच उतरवावे. ओळखीच्या माणसाला सोयीची नोंद हवी असते, आणि येथेच शिक्षकाच्या शब्दाची खरी परीक्षा होते.

आर्थिक सल्ला आणि विक्री. विमा प्रतिनिधी होण्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा आहे. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबीने (भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने) २०१२ मध्ये किमान दहा वर्षे सेवा झालेल्या निवृत्त शिक्षकांना, सोपी प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण होऊन, ठरावीक साध्या योजनांचे वितरण करण्याची मुभा दिली. मार्ग कायदेशीर आहे, उत्पन्नही बरे मिळू शकते. तरीही हा पर्याय मी शेवटी ठेवतो, कारण ग्राहक बहुतेक माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालकच असतात. ते योजना पाहून नव्हे, सरांकडे पाहून सही करतात. हे काम करायचे असेल तर आपल्याला किती दलाली मिळते हे प्रत्येकाला आधी सांगावे आणि आपण स्वतः ज्यात पैसे ठेवलेले नाहीत ते कोणालाही विकू नये.

पाचवी पायरी: एक हंगाम करून पाहावे

निवडलेले काम कायमचे स्वीकारण्यापूर्वी तीन-चार महिने छोट्या प्रमाणात करावे. शिकवणी असेल तर भाड्याची खोली आणि बाके न घेता घरातच सहा मुलांपासून सुरुवात करावी. प्रक्रिया उद्योगाचा विचार असेल तर एखाद्या चालू बचतगटाचे हिशेब एक उन्हाळा सांभाळावेत. विधी स्वयंसेवक व्हायचे असेल तर आधी लोकअदालतीच्या दिवशी न्यायालयात जाऊन बसावे. या काळात वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: प्रत्यक्ष किती तास गेले, प्रवासासह, आणि किती रक्कम हाती आली, खर्च वजा जाता. पहाटे उठून नंदुरबारची गाडी पकडणे पहिल्या आठवड्यात सोपे वाटते. पावसाळ्यात गुडघे काय म्हणतात ते कळल्यावर निर्णय घ्यावा.

सहावी पायरी: कागद आणि कर

निवृत्तिवेतनावर वेतनाप्रमाणेच प्राप्तिकर लागतो, आणि नव्या करप्रणालीत त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. शिकवणीचे शुल्क किंवा सल्ल्याची फी हे व्यवसायाचे उत्पन्न असते, त्यामुळे विवरणपत्राचा नमुनाही बदलतो. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ कर भरण्यातून मिळणारी सूट व्यवसायाचे उत्पन्न असेल तर लागू होत नाही. ही बाब सुटली की व्याज भरावे लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. पहिल्या वर्षी तरी विवरणपत्र कर सल्लागाराकडून भरून घ्यावे. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते उघडावे, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या खात्यात गोंधळ होणार नाही. दुसऱ्या कामाच्या धांदलीत नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरू नये.

शासकीय किंवा अनुदानित संस्थेत पुन्हा नियुक्ती मिळत असेल तर निवृत्तिवेतनावर आणि त्यावरील महागाई वाढीवर काही परिणाम होईल का, हे संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

सातवी पायरी: कशाला नाही म्हणायचे

साखळी पद्धतीने माल किंवा सदस्यत्व विकणाऱ्या योजना निवृत्त शिक्षकांना मुद्दाम हेरतात, कारण एक गुरुजी सामील झाले की अर्धे गाव मागे येते. अशा बैठकीला ‘फक्त ऐकायला’ही जाऊ नये; आपण तेथे बसलेले लोकांनी पाहिले तरी ती शिफारस ठरते.

पतसंस्थेचे संचालकपद हा दुसरा मोह आहे. जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्थांच्या ठेवीदारांनी आपली कष्टाची पुंजी परत मिळण्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले आहेत, आणि त्यांतही निवृत्तांची संख्या मोठी होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ नुसार संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः निश्चित होऊ शकते. कर्जवाटपाच्या ठरावावरील सही ही हजेरीपटावरची सही नसते. ताळेबंद वाचता येत नसेल, कर्जदारांची यादी मागितल्यावर मिळत नसेल, तर मान कितीही मोठा असला तरी नकार द्यावा. कर्जाला जामीनदार राहण्याबाबतही हेच. नोकरीत असताना सहकाऱ्यांसाठी पतपेढीत दिलेले जामीन निवृत्तीपूर्वी तपासावेत आणि ज्यांतून मोकळे होता येईल त्यांतून व्हावे.

खासगी शिकवण्यांच्या फलकावर आपले छायाचित्र लावण्याची परवानगी मागितली जाते. आपण तेथे प्रत्यक्ष शिकवत असू तरच ती द्यावी, आणि शिकवणे थांबले की फलक उतरवण्याची अट करारात लिहून घ्यावी.

हे सारे वाचून कोठून आरंभ करावा असा प्रश्न पडला असेल, तर सोमवारी दोन ठिकाणी जावे. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कंत्राटी नियुक्त्यांचा सध्याचा शासन निर्णय मागावा, आणि तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात विधी स्वयंसेवकांची पुढील निवड कधी आहे ते विचारावे. सोबत सेवानिवृत्तीच्या आदेशाची प्रत, शैक्षणिक प्रमाणपत्रे, आधार आणि दोन छायाचित्रे ठेवावीत, म्हणजे अर्ज त्याच दिवशी देता येतो.